विद्यार्थ्यांना आधार किती वाटतो हे मोजणारी मापनी: मराठीत आणली, पण ती तपासायची कशी?

ओवी_वाशी:
नमस्कार मंडळी. एमए सायकॉलॉजीचं शेवटचं वर्ष चालू आहे. कॉलेजच्या मुलामुलींना आपल्या पाठीशी कोणी आहे असं किती वाटतं, हे मोजणाऱ्या मापनीची मराठी आवृत्ती तपासायची, असा माझा प्रोजेक्टचा विषय आहे. मापनी झिमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९८८ सालची, जगभर वापरतात आणि वापरायला पैसे पडत नाहीत. फक्त १२ वाक्यं. ४ घरच्यांबद्दल, ४ मित्रमैत्रिणींबद्दल आणि ४ एका 'खास व्यक्ती'बद्दल. प्रत्येक वाक्याला १ ते ७ मधला आकडा द्यायचा, १ म्हणजे अजिबातच पटत नाही, ७ म्हणजे शंभर टक्के पटतं, आणि मग सरासरी काढायची.

भाषांतर झालं, दुसऱ्या कोणाकडून ते परत इंग्रजीत करवून मूळ वाक्यांशी ताडून बघितलं, वाशी आणि नेरूळला छोटा पायलट, म्हणजे आधीची चाचणी, घेतला. अल्फा (वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, १च्या जितका जवळ तितका चांगला) छान आला. गाईड म्हणतात झालं की, आता मोठं सॅम्पल घे आणि लिहायला बस.

पण फॉर्म भरताना मुलं आपापसात जे बोलत होती ते ऐकल्यापासून माझं समाधान होत नाहीये. एक मुलगी शेजारणीला विचारत होती, "खास व्यक्ती म्हणजे बॉयफ्रेंडच ना? मला नाहीये, मग चारही ठिकाणी १ करू का?" मागच्या बाकावरच्या एकाने मला विचारलं, "मॅडम, घरचे म्हणजे गावचे की इथले?" आणि बरीच मुलं पेन न उचलता खाली खाली टिक करत गेली.

माझं मत असं झालंय की आकडे बरे आले म्हणजे मापनी आपल्या मुलांना लागू पडली असं नाही. पटतंय का? आणि अजून काय काय तपासायला हवं? ज्यांनी असं काम केलंय किंवा असे फॉर्म भरलेत त्यांनी प्लीज लिहा.

मिसळवाला_ठाणे:
वाचतोय. आमच्या पुतण्याने असा एक फॉर्म लोकलमध्ये भरला होता, रबाळ्याला उघडला आणि तुर्भे यायच्या आत सबमिट. त्यात चाळीसेक प्रश्न होते म्हणे :)

आकडेमोड:
ओवी, तुझी शंका अगदी योग्य आहे. गाईडना मान देऊनही सांगतो, अल्फावर थांबू नकोस.

अल्फा एवढंच सांगतो की वाक्यांची उत्तरं एकमेकांबरोबर वरखाली होतात. ती का होतात हे तो सांगत नाही. या मापनीतली १२च्या १२ वाक्यं होकारार्थी आहेत, उलटं एकही नाही. म्हणजे एका मुलाने न वाचताच सगळीकडे ६ मारले, दुसऱ्याने सगळीकडे ४, तिसरीने सगळीकडे ७, तरी अल्फा वरच जाणार! मिसळवाल्यांचा पुतण्या आणि त्याच्यासारखे अजून दहा जण मिळाले तर तुझी विश्वसनीयता कागदावर झकास दिसेल.

मूळ पेपर नीट वाच. तिथे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे २७५ विद्यार्थी होते. पूर्ण मापनीचा अल्फा ०.८८, घरच्यांच्या भागाचा ०.८७, मित्रांचा ०.८५, खास व्यक्तीचा ०.९१. पण ते तिथे थांबले नाहीत. दोनतीन महिन्यांनी त्यातल्याच काही जणांकडून परत भरून घेतली, तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ ०.८५ होता. शिवाय गुणांची नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांशी तुलना केली. एवढं तरी तुझ्या प्रोजेक्टमध्ये हवंच. आणि अल्फा तीन भागांचा वेगवेगळा दे, एकच मोठा आकडा देऊन मोकळी होऊ नकोस.

अबोली:
मी नांदेडची, नेरूळला होस्टेलवर राहते. आम्हाला असाच एक फॉर्म वर्गात दिला होता, मॅडम समोर उभ्या, शेजारच्या मुलीचं डोकं माझ्या कागदात. 'माझ्या अडचणी मी घरच्यांशी बोलू शकते' असं काहीतरी वाक्य होतं. खरं उत्तर २ होतं पण शेजारीण बघत होती म्हणून ५ केलं. घरच्यांना नावं ठेवल्यासारखं वाटतं ना तसं लिहिलं की.

ओवी_वाशी:
@अबोली थँक्यू गं, हे कोणी सांगत नाही. म्हणजे भरताना बसवायचं कसं हासुद्धा तपासणीचाच भाग झाला.

निवृत्त_मास्तर:
मी ठाण्यात शाळेत आणि नंतर ज्युनियर कॉलेजात आयुष्य घालवलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आधार ही आकड्यात मावणारी वस्तू नव्हे. पोरगं वर्गात शिरलं की चेहऱ्यावरून कळायचं घरी काय चाललंय. डबा नाही आणला, वही नाही, नजर खाली, की मी मधल्या सुट्टीत बोलावून घ्यायचो. आता हे सगळं सोडून १२ वाक्यं आणि सात आकडे. त्यापेक्षा शिक्षकांना मुलांकडे बघायला वेळ द्या.

नीरजा_खारघर:
मास्तर, नमस्कार. मी कॉलेजमध्ये समुपदेशक आहे. तुमच्यासारखे शिक्षक मिळाले ती मुलं नशीबवान. पण चेहऱ्यावरून कळतं हे अर्धंच खरं आहे. माझ्याकडे आलेली कितीतरी मुलं वर्गात सगळ्यात जास्त हसणारी, गॅदरिंगमध्ये पुढे असणारी होती. मित्रांचा घोळका सतत भोवती, आणि खोलीत बसल्यावर म्हणतात "मॅडम, सांगावं असं एकही माणूस नाही." बाहेरून मोजाल तर त्यांचे मित्र पन्नास. म्हणून तर माणसं किती आहेत हे न विचारता 'तुला काय वाटतं' असं विचारणारी मापनी लागते. कोहेन आणि विल्स यांचा १९८५चा लेख या विषयात पायाभूत मानतात, त्यातही हेच आहे. आपल्या पाठीशी कोणीतरी उभं राहील असं ज्याला वाटतं त्याला ताणाचा तडाखा कमी बसतो. हे वाटणं महत्त्वाचं आहे, म्हणून ते नीट मोजायला हवं.

निवृत्त_मास्तर:
मुद्दा समजला. हसऱ्या मुलांचा मी विचार केला नव्हता. तरी एक विचारतो, यात घरचे आहेत, मित्र आहेत, ती खास व्यक्ती आहे. शिक्षक कुठे आहेत?

आकडेमोड:
मास्तर, चांगलं पकडलंत. या मापनीत शिक्षक नाहीत. शाळेच्या मुलांसाठी मालेकी आणि डेमारे यांची वेगळी मापनी आहे, त्यात आईवडील, शिक्षक, वर्गातली मुलं, जवळचा मित्र आणि शाळा असे पाच वेगळे भाग आहेत. पण ती ६० वाक्यांची आहे. १९८३ सालची अजून एक आहे, प्रोसिडानो आणि हेलर यांची, घरच्यांसाठी २० वाक्यं आणि मित्रांसाठी २०, उत्तरं फक्त हो, नाही, माहीत नाही. तिथेही शिक्षक नाहीत. लांबी वाढली की वर सांगितलेले पुतणे वाढतात, म्हणून सगळे १२ वाल्या मापनीकडे वळतात.

कोपरखैरणेकर:
"घरचे म्हणजे गावचे की इथले" हे वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील मार्केटमध्ये माथाडी, मूळ गाव जावळीत. मी दहावीपर्यंत गावाला आजीकडे, मग इकडे कोपरखैरण्याला काका-काकू, वडील आणि दोन चुलतभाऊ एका खोलीत. आई अजून गावाला, शेती बघते. आता मला 'माझं कुटुंब मला मदत करायचा मनापासून प्रयत्न करतं' असं वाक्य दिलं तर मी कोणाचं उत्तर देऊ? आई म्हणाल तर ७. वडील रात्री दोनला कामाला जातात, बोलणंच होत नाही, पण फी भरायला एक दिवस उशीर केला नाही माणसाने. काकूशी पटत नाही. सरासरी काढून ४ लिहिलं तर ते कोणाबद्दलच खरं नाही.

आमच्या सेक्टरमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. मूळ मापनी ज्यांच्यावर केली ती ड्यूकची मुलं घर सोडून कॅम्पसवर राहणारी असणार, त्यांना 'फॅमिली' म्हटलं की एक चित्र डोळ्यासमोर येत असेल. आमच्याकडे दोन गावांत विभागलेलं आहे.

मुंब्र्याची_सना:
कोपरखैरणेकर, अगदी. आणि भाषेचंही तसंच. मी मुंब्र्यातून ठाण्याला कॉलेजला येते, घरी हिंदी-उर्दू मिसळून, वर्गात मराठी, नोट्स इंग्रजीत. मराठी फॉर्म मला वाचता येतो पण मनातलं उत्तर मराठीत येत नाही. ओवीताई, तुमच्या सॅम्पलमध्ये माझ्यासारखे असतील तर आमचा वेगळा हिशोब ठेवा. दोन्ही भाषांतले फॉर्म थोड्या दिवसांच्या अंतराने एकाच मुलाकडून भरून घेता येतील का? दोन्हीकडे उत्तर सारखं आलं तर भाषांतर बरं म्हणायचं.

आकडेमोड:
@सना, हो, दोन्ही भाषा येणाऱ्यांकडून दोन्ही आवृत्त्या भरून घेणं ही भाषांतर तपासायची मान्य पद्धत आहे. फक्त अर्ध्यांना आधी मराठी द्यायचं आणि अर्ध्यांना आधी दुसरी भाषा, नाहीतर क्रमाचा परिणाम मिसळतो.

कोपरखैरणेकर, तुमचा मुद्दा माझ्या आकडेमोडीने सुटणारा नाही. तो आकडे काढायच्या आधीच सोडवायला हवा. म्हणजे सूचनेतच लिहायचं की 'घरचे' म्हणजे ज्यांना तुम्ही घरचे मानता ते, मग ते एकत्र राहत असोत वा नसोत.

नीरजा_खारघर:
@आकडेमोड सूचना लिहून भागत नाही हो, मुलं सूचना वाचत नाहीत. दहाबारा मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लावायचं आणि विचारायचं, हे वाचताना तुझ्या डोळ्यासमोर कोण आलं? ४ का दिलास, ५ का नाही? संशोधनात याची रीतसर पद्धत आहे. ओवी, हे तू मोठं सॅम्पल घ्यायच्या आधी कर, नंतर केलंस तर पश्चात्तापाशिवाय हातात काही राहणार नाही.

आम्ही कॉलेजमध्ये एका वेगळ्या प्रश्नावलीसाठी हे केलं होतं. 'खास व्यक्ती'सारख्याच एका वाक्याला एका मुलाने आत्या सांगितली, एकीने क्लासचे सर, एकाने देव आणि एकीने तिची गेलेली आजी. चौघांचे आकडे जवळजवळ सारखेच. आकड्यांवरून हे कधी कळलं असतं का?

मिसळवाला_ठाणे:
देव या वाक्यात बसतो का पण? खरंच विचारतोय. गरज पडेल तेव्हा जवळ असणारी व्यक्ती, असंच आहे ना ते?

ओवी_वाशी:
बसतो की नाही हे माझ्यापेक्षा त्या मुलाने ठरवायचं, असं मला वाटतं. पण त्याने देव धरला आणि शेजारणीने बॉयफ्रेंड, तर दोघांच्या ५ ची बेरीज मी कशी करू, हाच तर माझा प्रश्न आहे.

आकडेमोड:
या तिसऱ्या भागाबद्दल इतर देशांतही घोळ झालेला आहे. हाँगकाँगच्या किशोरवयीन मुलांवर २००० साली झालेल्या एका अभ्यासात तीनऐवजी दोनच घटक (म्हणजे एकत्र वरखाली होणाऱ्या वाक्यांचे गट) निघाले, खास व्यक्तीची वाक्यं मित्रांच्या वाक्यांत मिसळून गेली. पुढे २००४ला तिथल्याच मुलांवर दुसऱ्यांनी केलं तर तीन निघाले. म्हणजे एकाच शहरात असं होतं. आपल्याकडे ती घरच्यांत मिसळतील की मित्रांत हे आधीपासून गृहीत धरू नकोस, डेटाला विचार.

कसं विचारायचं तर आधी एका सॅम्पलवर, कोणती वाक्यं एका गटात येतात ते शोधणारं मोकळं फॅक्टर अ‍ॅनालिसिस, किती घटक धरायचे ते, नुसत्या योगायोगाच्या आकड्यांशी तुलना करणाऱ्या पॅरलल अ‍ॅनालिसिसने ठरव. मग दुसऱ्या, वेगळ्या सॅम्पलवर तीन घटकांचा नमुना (मॉडेल) बसतो का ते बघ, आणि शेजारी दोन घटकांचा आणि एका घटकाचाही लावून तुलना कर. एकाच सॅम्पलवर दोन्ही करून 'सिद्ध झालं' लिहिणारे खूप आहेत. ह्यू आणि बेंटलर यांच्या १९९९च्या लेखातले, नमुना डेटावर नीट बसला का ते ठरवायचे ०.९५ आणि ०.०६ हे आकडे सगळे पाठ म्हणतात, पण ते काही कायद्याचे आकडे नाहीत, कोणतं वाक्य नमुन्यात बसत नाहीये ते बघणं जास्त कामाचं. त्यानंतर मुलगे-मुली, घरी राहणारे-होस्टेलवाले यांच्यात मापनी सारखीच वागते का ते तपास. ते न तपासता 'मुलींना मित्रांचा आधार जास्त' असं लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं.

उलवेकर:
डोक्यावरून गेलं पण आवडलं :)

घोडबंदर_आई:
मी यातली नाही. मुलगा बारावीला आहे म्हणून हा धागा उघडला. गेलं वर्षभर त्याच्या अभ्यासासाठी मी टीव्ही बंद ठेवलाय, पाहुण्यांना बोलावत नाही, रात्री तो झोपेपर्यंत बाहेरच्या खोलीत काहीतरी काम काढून बसते म्हणजे त्याला एकटं वाटू नये. तो मला हल्ली दोन वाक्यं बोलत नाही. त्याने असा फॉर्म भरला तर घरच्यांच्या चार वाक्यांना काय देईल देव जाणे. ३ दिले तर आम्ही कमी पडलो असा अर्थ होतो का?

नीरजा_खारघर:
ताई, नाही, अजिबात नाही. तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिळालेला आधार आणि जाणवलेला आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली त्यांचा संबंध तपासला गेला तेव्हा तो सरासरी ०.३५च्या आसपास निघाला. संबंध आहे पण खूप घट्ट नाही. दिलेलं सगळं घेणाऱ्याच्या वहीत जमा होत नाही.

आणि त्याहून महत्त्वाचं ऐका. २००० साली बोल्जर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणारे लोक आणि त्यांचे जोडीदार घेतले. दोघांनी रोज स्वतंत्र नोंद करायची, जोडीदाराने 'आज मी आधार दिला का' ते लिहायचं आणि परीक्षा देणाऱ्याने 'आज मला मिळाला का' ते. तर ज्या आधाराची घेणाऱ्याला नोंदच झाली नाही, तोच आधार मन सावरायला जास्त उपयोगी पडलेला दिसला. उघड मदत मिळाली की कधीकधी 'मला जमत नाहीये' ही टोचणीही बरोबर येते. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसता, काही न बोलता, ते त्याच्यापर्यंत पोचत असणार. तो ते फॉर्मवर लिहिणार नाही कारण त्याला ते वेगळं दिसतच नाही.

म्हणून ओवी, तुझ्या प्रोजेक्टमध्ये ठळक लिही की ही मापनी घरच्यांनी किती केलं हे मोजत नाही. कमी गुण आले म्हणून कोणी आईवडिलांना कॉलेजात बोलावून ऐकवू नये.

घोडबंदर_आई:
डोळ्यात पाणी आलं. धन्यवाद ताई.

कोपरखैरणेकर:
नीरजा मॅडम, वडिलांच्या फीबद्दल मी वर लिहिलं ते याच्याशी जुळतंय. माझ्या मते वाक्यांतही फरक आहे. 'घरचे मदत करतात' याला मी डोळे झाकून ७ देईन. 'घरच्यांशी माझ्या अडचणी बोलू शकतो' याला २. आमच्याकडे अडचण बोलायची पद्धतच नाही, अडचण दिसली की माणूस उठून कामाला लागतो. बोललो नाही म्हणजे आधार नाही असं कसं? ही दोन वाक्यं आमच्या पोरांत एकमेकांबरोबर हलणार नाहीत बघा.

आकडेमोड:
हे भारी आहे. ओवी, हे लिहून ठेव आणि डेटा आला की नेमकं हेच बघ: अडचणी बोलण्याचं वाक्य घरच्यांच्या घटकावर इतर तीन वाक्यांपेक्षा कमी भार दाखवतं का, म्हणजे त्या घटकाशी कमी जोडलेलं आहे का. दाखवलं तर ती चूक म्हणून काढून टाकू नकोस, ती माहिती आहे.

सागरलहरी:
मी मार्केट रिसर्चमध्ये आहे, ऐरोलीला ऑफिस. सात पर्यायांबद्दल बोलायचंय. मूळ इंग्रजीत टोकाला 'अत्यंत तीव्र असहमत', मग 'तीव्र असहमत', मग 'किंचित असहमत' अशी उतरंड आहे. अत्यंत तीव्र आणि तीव्र यात आपली पोरं काय फरक करणार? आमच्या सर्व्हेत लोक एकतर दोन्ही टोकं धरतात नाहीतर मधला ४. तुम्ही पाचच पर्याय ठेवा, अजिबात नाही, फारसं नाही, सांगता येत नाही, बऱ्यापैकी, पूर्णपणे.

ओवी_वाशी:
@सागरलहरी पाच केले तर बाहेरच्या अभ्यासांशी तुलना जाते ना. शिवाय या मापनीत २.९ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम आणि ५.१च्या वर जास्त असे टप्पे सांगतात, तेही वापरता येणार नाहीत.

सागरलहरी:
मुलांना न कळणाऱ्या सात पर्यायांवर केलेली तुलना तरी काय कामाची? निदान शब्द सोपे करा आणि फक्त टोकांना लेबल द्या. मी माझ्या मतावर ठाम आहे.

आकडेमोड:
सागरलहरी, इथे मी ओवीच्या बाजूने. सात ठेव, पण कोणता पर्याय किती वेळा निवडला गेला ते मोज. २ आणि ६ कोणी वापरतच नसेल तर तसं लिही. आणि ते कमी-मध्यम-जास्त टप्पे सोयीसाठी आहेत, रोगाचं निदान नव्हे, त्यावरून कोणाला शिक्का मारू नये.

मिसळवाला_ठाणे:
अवांतर: कोणी तलावपाळीला बसून हा वाद घाला, मिसळ माझ्याकडून. सागरलहरी आणि आकडेमोड समोरासमोर हवेत.

सागरलहरी:
तर्री वेगळी असेल तर येतो. पण पर्याय पाचच.

नीरजा_खारघर:
गंमत पुरे, एक गंभीर गोष्ट राहतेय. ओवी, तू तुलनेसाठी दुसरी कोणती मापनी घेणार आहेस?

ओवी_वाशी:
एकटेपणाची यूसीएलएवाली आणि नैराश्यासाठी पीएचक्यू-९. आधार जास्त तर ही दोन्ही कमी, असं दिसायला हवं.

नीरजा_खारघर:
मला हीच भीती होती. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. तू निनावी फॉर्म गोळा करशील, घरी जाऊन भरशील एक्सेलमध्ये, आणि महिन्याने तुला दिसेल की एका मुलीने त्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' केलंय आणि आधाराच्या बाराही वाक्यांना १. तेव्हा ती कोण हे तुला कळणार नाही. काय करशील?

हे घडू शकतं म्हणून आधी ठरवायचं. एकतर तो प्रश्न नसलेली आठ प्रश्नांची आवृत्ती घे, तीही मान्य आहे. किंवा प्रश्न ठेवायचा असेल तर नाव न विचारता कोड दे आणि कोडची यादी समुपदेशकाकडे बंद पाकिटात ठेव. फॉर्म त्याच दिवशी तपासायचे, आणि गरज पडली तर त्या मुलाशी किंवा मुलीशी संपर्क होईल हे संमतीपत्रातच स्पष्ट लिहायचं. प्रत्येकाच्या हातात जाताना एक चिठ्ठी, त्यावर कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. अकरावी-बारावीची मुलं घेणार असशील तर ती १८ च्या आतली, पालकांची संमती आणि मुलांची स्वतःचीही. एथिक्स कमिटीकडे हे सगळं आधी जायला हवं.

ज्या उत्तराचं काय करायचं हे आपल्याला माहीत नाही तो प्रश्न मुलांना विचारायचा आपल्याला हक्क नाही, हे माझं पक्कं मत आहे.

अबोली:
+१००. आमच्या वेळी कोणीच चिठ्ठी दिली नव्हती. फॉर्म घेतले आणि मॅडम गेल्या. त्या दिवशी ती वाक्यं वाचून मला रात्रभर झोप नव्हती, खरं सांगते. 'कोणाला सांगता येईल' असं वाचलं की आपोआप मोजायला लागतो आपण.

निवृत्त_मास्तर:
अबोली बाळा, आता बरी आहेस ना? होस्टेलवर बोलायला कोणी आहे?

अबोली:
हो काका, आता आहे. वरच्या मजल्यावर बीडची एक ताई आहे, तिच्याकडे जाते मी. काळजी नसावी.

निवृत्त_मास्तर:
छान. ओवी, माझा विरोध मी थोडा मागे घेतो. मात्र एक सुचवतो. तुझ्या त्या बारा वाक्यांच्या शेवटी एक मोकळी ओळ ठेव, 'गेल्या महिन्यात तुला कोणाची मदत झाली?' ती मापनीत मोजू नकोस, गुण देऊ नकोस. पण पोरं काय लिहितात ते वाच. त्यात शिक्षक येतात का, कँटीनवाला येतो का, वॉचमन काका येतात का ते बघ.

मुंब्र्याची_सना:
मास्तर, माझ्या ओळीत लायब्ररीतल्या मॅडम येतील. भाड्याच्या घरात अभ्यासाला जागा नसते, त्या मला बंद होईपर्यंत बसू देतात.

ओवी_वाशी:
सगळ्यांचे खूप आभार. काल गाईडना हा धागा वाचून दाखवला. आधी म्हणाले वेळ कुठे आहे, मग कोपरखैरणेकरांचा प्रतिसाद वाचल्यावर म्हणाले, कर.

आता असं ठरलंय. मोठं सॅम्पल पुढे ढकललं. आधी एकेकटं बसून वाक्यं वाचून घ्यायची, त्यात होस्टेलवाले, घरी राहणारे, गाव आणि इथे असे विभागलेले, आणि सनासारखे दोन भाषावाले सगळे हवेत. खास व्यक्तीच्या वाक्यांपाशी 'कोण आलं डोळ्यासमोर' ते नातं लिहायला जागा ठेवते, नाव नाही. वर्गात बाक सोडून बसवायचं, शिक्षक बाहेर, फॉर्म पेटीत टाकायचे, पेटीवर लक्ष त्यांच्यातल्याच कोणाचं तरी. पीएचक्यूची आठ प्रश्नांचीच आवृत्ती घेणार, नीरजाताईंनी सांगितलेली चिठ्ठी मात्र तरीही प्रत्येकाला. सागरलहरी, पर्याय सातच ठेवतेय पण शब्द तुमच्या म्हणण्यासारखे सोपे केलेत, बघून सांगा. मास्तरांची ओळ शेवटी आहेच.

वाक्यं वाचायला मुलं हवी आहेत, १८ पूर्ण, कॉलेजात शिकणारी. वाशी स्टेशनजवळ, शनिवारी दुपारी. मराठी सफाईदार नसली तरी चालेल, उलट हवीच आहेत.

आकडेमोड:
छान. परत भरून घेण्याचं विसरू नकोस, त्यासाठी मुलांनी स्वतःच तयार केलेला कोड ठेव, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचा दिवस वगैरे, म्हणजे नाव न घेता दोन फॉर्म जुळवता येतात. दोन फॉर्मच्या मध्ये परीक्षा किंवा गणपती येऊ देऊ नकोस, दोन्हींनी उत्तरं बदलतात.

कोपरखैरणेकर:
मी येतो शनिवारी. चुलतभावालाही आणतो, तो एसवायला आहे आणि माझ्यापेक्षा एकदम उलटा, काकूशी तासन् तास बोलतो. एकाच खोलीतल्या आम्हा दोघांचे आकडे किती वेगळे येतात ते बघा.

उलवेकर:
आमच्या इथून माझी बहीण येईल. तिच्या वर्गातल्या दोघी उरणच्या आहेत, घरी आगरी बोलतात, त्यांनाही विचारते. किती वाजता ते टाका, इकडच्या गाड्या बघून निघावं लागतं.

ओवी_वाशी:
दोन वाजता. जागेचा पत्ता प्रत्येकाला निरोपात पाठवते, इथे नको.